ज्यांचा धूर दिसतो

सुजाता,

तुझ्याबद्दल चांगलं बोलायची साथ आली आहे संगमनेरात. तू जिवंत असताना जी माणसं तुला जिन्यात चुकवून जायची, तीसुद्धा मला रस्त्यात थांबवून हळहळतात. "कुणाच्या अध्यात ना मध्यात हो बाई." "आवाज कधी चढला नाही त्यांचा." प्राचार्यांनी तर शोकसभेत तुला 'मितभाषी' ठरवून टाकलं. मितभाषी! स्टाफरूममधल्या चहातल्या दुधावरून सहा वर्षं जिनं आम्हाला चहा सुखानं पिऊ दिला नाही, ती मितभाषी. तुझ्या फोटोखाली उदबत्ती लावली होती. तिच्या धुरानंच खोकली असतीस तू.

तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझी चिकाटी, हे सगळं लोक बोलून गेले. ते मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. पंधरा दिवस झाले, माझ्या घशात भांडण अडकलंय.

सुरुवात आठवते ना? ब्याण्णव साल. जगभरचे पुढारी पृथ्वी वाचवायला ब्राझीलला जमले होते आणि आपल्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीशेजारी होती. तू ती मोठ्यानं वाचून दाखवलीस. कुणा शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की आपल्यासारख्या देशातल्या चुली, गुरं आणि भातखाचरं हवा तापवतात. इतिहासाचे सर पोट धरून हसले. "म्हणजे म्हशीच्या ढेकरेनं जग तापतंय म्हणा की!" सगळी स्टाफरूम हसली. तू नाही हसलीस. पेपराची घडी घालत म्हणालीस, "म्हणजे माझ्या आईचं नाव आलं पेपरात."

तुझी आई ठकूबाई. पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात एक म्हैस आणि एक चूल एवढाच तिचा संसार.

मी पडले रसायनशास्त्राची. शहाणपणा केल्याशिवाय राहवतंय होय? म्हटलं, "ढेकरेतून मिथेन निघतो हे खरं आहे, सुजाता. आणि तो उष्णता धरून ठेवतो." संध्याकाळी आपण घरी निघालो, कॉलेजच्या फाटकाबाहेर नाशिक–पुणे रस्त्यावर दुधाचे टँकर ओळीनं उभे होते, इंजिनं चालू ठेवून. त्यांच्याकडे बोट करून तू मला विचारलंस, "आणि यांच्यातून काय निघतं? अत्तर?"

तिथून सुरू झालं सगळं. तू भूगोलाची. पीएच.डी.साठी जमिनीच्या वापरावरचा काहीतरी सरळ, सुरक्षित विषय तुझ्या मार्गदर्शकांनी सुचवला होता. तो तू टाकून दिलास आणि नवा घेऊन बसलीस. आपल्या जिल्ह्यातलं ताट. तुझ्या आजीच्या काळात ते ताट कुठून यायचं, तुझ्या लहानपणी कुठून यायचं, आज कुठून येतं, आणि ते येईपर्यंत आभाळात किती धूर सोडतं.

मार्गदर्शकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना छापील नावाची फार हौस आहे.

"अन्नाचा कसला धूर?" ते म्हणाले होते तुला. "धूर कारखान्यांचा असतो, मोटारींचा असतो. हा भूगोल नव्हे." आणि तू त्यांच्यासमोरच्या बशीतलं बिस्किट उचलून विचारलंस, "सर, हे बिस्किट इथवर चालत आलं का?" बाहेर आल्यावर मला सांगताना तू हसत होतीस. मी घाबरले होते. मला वाटलं, ही बाई एका बिस्किटापायी पीएच.डी. घालवणार.

मग तू टँकरवर बसायला लागलीस. कॉलेजातली लेक्चरर, इस्त्रीची साडी नेसलेली, टँकरच्या केबिनमध्ये युनूसभाई ड्रायव्हरच्या शेजारी! गावानं काय काय बोलून घेतलं ते तुलाही माहीत होतं, मलाही. एका सुट्टीत मलाही ओढून नेलंस. चिलिंग सेंटरला अमोनियाचा वास, लोड शेडिंग झालं की धडधडणारा जनरेटर, कॅनमधून हौदात ओतलं जाणारं सकाळचं दूध. मग आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण. तू दर थांब्याला वहीत लिहीत होतीस. दुधाची टाकी मुंबईला रिकामी झाली आणि परतताना घाट चढताना तू युनूसभाईंना विचारलंस, "आता टाकीत काय आहे?"

"काय न्हाई बाई. वारा."

"वाऱ्याला डिझेल लागतं?"

"लागतंय की! जाताना दूध, येताना वारा. इंजिनाला काय ठावं आत काय हाय ते?"

हे वाक्य तू जसंच्या तसं प्रबंधात घातलंस. मी म्हटलं, हे काढ, प्रबंधात ड्रायव्हरचं बोलणं शोभत नाही. तू म्हणालीस, "तुला शोभत नाही म्हणून राहू दे."

त्याच परतीच्या वाटेवर, घाट संपून उघडं माळरान लागलं तेव्हा तू मला तुझं सगळं म्हणणं एका दमात सांगितलंस. तेव्हा तुला दम पुरत होता. आजीच्या काळात बाजरी रानातली, जातं घरातलं, जळण शेणीचं. जेवढा धूर व्हायचा तेवढा सगळा स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांसमोर व्हायचा. आता गहू पंजाबातून रेशनवर येतो, त्याला युरिया लागतो, विहीर खोल गेली म्हणून मोटर मोठी लागते, मोटरीला वीज लागते, विजेला कोळसा लागतो. गावचं दूध मुंबईला जातं आणि पावडर होऊन डब्यातून गावाला परत येतं. "धूर कमी झाला नाही, वसू," तू म्हणालीस. "तो घरातून निघाला आणि आभाळात गेला. डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं म्हणून लोकांना वाटलं, धूर संपला. आता ज्यांचा धूर दिसतो त्यांचीच नावं पेपरात येतात."

मला अजून ते माळरान दिसतं. मी तुझ्या हुशारीवर खूश होते, आणि तुझ्यावर जळतही होते. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

आपलं मोठं भांडण झालं ते चुलीवरून. तू चार प्रकरणं केलीस. शेत, वाहतूक, थंड करणं आणि साठवणं, कारखाने. चूल सोडून दिलीस. मी म्हटलं, "हे चालणार नाही. शेणी जळतात, त्यातूनही वायू निघतो. मोजायलाच हवं."

"जगायचा धूर आणि चैनीचा धूर एका तागडीत घालायचा नाही," तू म्हणालीस.

"हवेला जातपात कळत नाही, सुजाता. रेणू तो रेणू."

"हवेला कळत नसेल. मोजणाऱ्याला कळते." मग अगदी हळू आवाजात, "तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांना कपबशीतून चहा दिला आणि मला स्टीलच्या पेल्यातून दिला, तेव्हा चहाचे रेणू तेच होते ना, वसू?"

त्या प्रसंगाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तू पहिल्यांदा माझ्या घरी आली होतीस. तो पेला तू शांतपणे रिकामा केलास, मोरीत जाऊन विसळलास आणि आमच्या फळीवर, आमच्या कपांच्या ओळीत नेऊन ठेवलास. सासूबाई बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मला वाटायचं, तू ते विसरलीस. किती सोयीचं होतं ना मला तसं वाटणं!

तीन आठवडे बोलली नाहीस माझ्याशी. स्टाफरूममध्ये माझ्याकडे पाठ करून बसायचीस. चौथ्या आठवड्यात सोमवारी माझ्या लॅबमध्ये आलीस, पिशवी टेबलावर आपटलीस. आत एक शेणी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "घे. जाळ आणि काय निघतं ते सांग. चूल मोजतेय मी."

"का गं? पटलं?"

"पटलं नाही. पण न मोजली तर उद्या म्हणतील, बाईनं आपल्या माणसांचं लपवलं."

दर रविवारी पारनेरला जायचीस. त्या वर्षभराचं काम तुझं सगळ्यात सुंदर काम आहे. मला त्यात एकच भर घालता आली, आणि तिचा मला अभिमान होता. शेणीतला कार्बन गेल्या वर्षीच्या कडब्यातला, तो हवेतूनच आलेला. म्हैस पुन्हा कडबा खाईल, पुन्हा पीक तो ओढून घेईल. डिझेलमधला कार्बन जमिनीखाली युगानुयुगं निजलेला होता, तो आपण उठवून वर सोडला. दोन्ही मोजायचे, पण वेगळे मोजायचे. तू मला मिठीच मारलीस तेव्हा, ॲप्रनसकट. "बघ, रेणू तो रेणू नसतो," म्हणालीस. वर मलाच टोमणा!

मग तू तो आलेख काढलास ट्रेसिंग पेपरवर, रंगीत पेन्सिलींनी. आजीच्या काळापासून आजपर्यंत. मातकट रंगाची चुलीची रेघ जवळजवळ आडवी. बाकीच्या सगळ्या वर चढणाऱ्या. टँकरची लाल, मोटरीची निळी, खताची हिरवी. पाच रेघा एकाच कागदावर. तू मला बजावलं होतंस, मला शब्द न् शब्द आठवतो. "प्रकरणं सुटी सुटी कुणाला द्यायची नाहीत. सगळी एकत्र वाचली तरच खरं. एक काढून दिलं की ते खोटं बोलायला लागतं."

पुढचं मला लिहायचं नव्हतं. पण तुझ्यावर रागवायचा हक्क हवा असेल तर हेही लिहिलं पाहिजे.

गेल्या वर्षी तू रजेवर गेलीस. खोकला म्हणालीस, हवा बदलली म्हणालीस. ऊस तुटल्यावर शेतातलं पाचट जाळतात त्याचा त्रास होतो म्हणालीस. त्याआधीच वर्षभर जिना चढताना अर्ध्यावर थांबून तू नोटीसबोर्ड वाचायचीस. महिनाभर तीच नोटीस. मला कळायला नको होतं? मी तुला चिडवायचे, "पाठ झाली का?"

रजेवर जाताना तू मला तुझं टपाल बघायला सांगितलंस. मार्गदर्शकांचं पत्र आलं. 'फक्त चुलीचं प्रकरण टाइप करून तातडीने पाठवावे. एका परिसंवादाच्या संदर्भात पाहावयाचे आहे.' तुला न विचारता मी ते टाइप केलं, सुजाता. कॉलेजच्या टाइपरायटरवर, दोन दुपारी बसून. मला वाटलं, चार वर्षं प्रबंध अडवून बसलेला माणूस पहिल्यांदा काहीतरी मागतोय. त्याला खूश करावं. हिचं काम पुढे सरकेल. पाकिटावर पाठवणारी म्हणून माझं नाव घातलं आणि शिपायाकडून रजिस्टर केलं. तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस हे मला माहीत होतं. हा झाला माझा चांगुलपणा.

चार महिन्यांनी दिल्लीच्या परिसंवादाची पुस्तिका आली. निबंध त्यांच्या नावाचा. ग्रामीण चुली आणि गुरं हीच देशाच्या अन्नातल्या धुराची मोठी कारणं, असा सूर. कडब्यातला कार्बन वेगळा मोजायचा ही ओळच गायब. टँकर नाही, मोटर नाही, खत नाही. शेवटी आभार. तुझं नाव तिथे होतं. 'माहिती गोळा करण्यास साहाय्य.'

तू तेव्हा परत रुजू झाली होतीस. ती पुस्तिका मीच तुझ्या हातात दिली. तू उभ्या उभ्या सगळी वाचलीस, मग बसलीस. मी म्हटलं, "चोर आहे हा माणूस. आपण कुलगुरूंना लिहू."

तू म्हणालीस, "आईचं नाव आणलंच शेवटी पेपरात. आणि मी आणलं."

मी वाट बघत होते. आता तू विचारशील, प्रकरण त्यांच्याकडे गेलं कसं? तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. त्या दिवसानंतर तू ती वही उघडली नाहीस.

आणि मग नगरचं हॉस्पिटल. नाकाला ऑक्सिजनची नळी, उशाला टेकून बसलेली तू. आडवं झालं की श्वास लागायचा म्हणून बसूनच झोपायचीस. तरी मी आल्याबरोबर तुला गोष्ट सांगायची घाई. शब्दाशब्दाला थांबत सांगितलीस. डॉक्टर म्हणाले होते, ही फुप्फुसं वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्याची वाटतात. किती वर्षं ओढता? "मी म्हटलं, डॉक्टर, बिडी नाही ओढली. भाकरी भाजली." आणि हसलीस. त्या हसण्यानं तुला इतकी ढास लागली की नर्स धावत आली आणि मला ओरडली.

सात वर्षांची असल्यापासून तू चुलीपुढे बसत होतीस. आई मजुरीला, धाकटी भावंडं मागे. खिडकी नसलेलं घर. नोकरी लागून संगमनेरला येईपर्यंत रोज दोन वेळा. नंतरही दर रविवारी, मोजणीच्या त्या अख्ख्या वर्षात, तू त्याच घरात तासन्‌तास बसून शेण्या मोजत होतीस, आणि छातीचा पहिला एक्स-रे तेव्हाच काढलेला होता. त्याची तारीख मी हॉस्पिटलात त्याच्या पाकिटावर वाचली. तुला माहीत होतं! डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलेलं असताना तू दर रविवारी धुरात जाऊन बसत होतीस, आणि मला, जिच्या हट्टापायी हे चाललं होतं तिला, एक शब्द बोलली नाहीस. काय समजायचं मी याला? कोण समजत होतीस तू स्वतःला? आणि मला कोण समजत होतीस?

हॉस्पिटलात तू माझा हात धरून म्हणालीस, "तुझंच खरं होतं, वसू. चूल मोजायलाच हवी होती. तिच्या पुढ्यात बसणारी पण मोजायला हवी होती. ते राहिलं."

तेव्हा सांगायचं होतं मला. मी सरांना पाठवलेल्या पाकिटाचं. तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "बोलू नकोस, दम लागतो तुला. उद्या येते." दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता शोकसभा ऐक.

मार्गदर्शक आले होते. पांढरा झब्बा, गंभीर चेहरा. म्हणाले, "सुजाताबाईंचं ग्रामीण चुलींवरचं काम मी दिल्लीपर्यंत नेलं. हेच त्यांचं खरं स्मारक. त्यांच्याकडे माहिती होती, मी तिला आकार दिला." लोकांनी माना डोलावल्या. मी उठले. माझ्या पिशवीत तुझा आलेख होता, तो घेऊनच गेले होते मी. म्हटलं, "चूल हे पाचातलं एक प्रकरण आहे. उरलेली चार मी सांगते."

प्राचार्य कुजबुजले, "बाई, ही शोकसभा आहे."

"म्हणूनच सांगते आहे."

"आपल्या भावना मी समजू शकतो," मार्गदर्शक म्हणाले. "पण शास्त्रात भावनेला..."

"शास्त्रातलंच बोलते आहे, सर. शेणीतला कार्बन कुठून आला आणि डिझेलमधला कुठून आला, ते सांगा. तुमच्या निबंधातून ती ओळ गेली कुठे?"

कुणीतरी माईक बंद केला. मी आवाज चढवून बोलत राहिले. ट्रेसिंग पेपर उलगडून हातात धरला, लाल रेघ दाखवली, निळी दाखवली, चुलीची आडवी रेघ दाखवली. मागच्या रांगेत युनूसभाई उभे होते. टँकर फाटकाबाहेर लावून आले होते. ते म्हणाले, "बोला बाई, आमाला ऐकू येतंय." दोन मिनिटं, फार तर तीन, तुझी चारही प्रकरणं त्या हॉलमध्ये बोलली गेली, सुजाता. मग मी म्हणाले, "हे सगळं सोडून एक प्रकरण उचललं. तिला न विचारता. याला चोरी म्हणतात."

मार्गदर्शक हसले. रागावलेसुद्धा नाहीत. "चोरी? ते प्रकरण मला रीतसर रजिस्टर पोस्टानं आलं. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर आहे. वाचून दाखवू का, बाई?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. आणि मी खाली बसले.

ऐकलंस? मी बसले. 'हो, मी पाठवलं, आणि तरीही ही चोरीच आहे,' एवढं एक वाक्य होतं. ते मला बोलता आलं नाही. दोन मिनिटं मौन पाळलं गेलं. मी त्या मौनात गेले पंधरा दिवस बसूनच आहे.

रविवारी तुझ्या गावी पुण्यानुमोदनाला गेले. विहारात पांढऱ्या साड्यांमधल्या बायांत बसले. त्रिशरण मला येत नाही, ओठ हलवले. कार्यक्रम झाल्यावर तुझ्या आईनं मला घरात नेलं. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "ते कागद तुमीच धाडले व्हते न्हवं त्या सरांना?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुजातानं. तिला तुमच्या शिपायानं सांगितलं व्हतं. रजेवरून आली त्याच दिवशी."

त्याच दिवशी. म्हणजे पुस्तिका यायच्या आधीपासून. म्हणजे मी तुझ्या हातात ती पुस्तिका दिली, 'चोर आहे हा माणूस' म्हणाले, तेव्हा तू सगळं माहीत असून माझ्याकडे बघत होतीस.

"म्या म्हनलं तिला," ठकूबाई सांगत होत्या, "लई भांडकुदळ हायस ना तू, मग जा की भांड तिच्यासंगं. कागद कामून धाडले म्हून इचार. तर म्हनली, आई, भांडायला दम लागतो. सरांसंगं भांडायला न्हाई पुरला. जेवढा हाय तेवढ्यात वसूसंगं चांगलं बोलून घेते."

त्यांनी मला पाणी दिलं.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. मार्गदर्शकांना पत्र लिहिलं आणि त्याच्या प्रती प्राचार्यांना, विद्यापीठाला आणि दिल्लीच्या परिसंवादवाल्यांना पाठवल्या. 'पाकिटावरचं नाव माझं होतं. ती माझी चूक, आणि ती मी कबूल करते. आतल्या पानांवरचं काम सुजाताचं होतं. ती तुमची चोरी, आणि ती तुम्ही कबूल करा.' उत्तर आलेलं नाही. प्राचार्यांकडून मात्र मेमो आला आहे, शोकसभेतल्या वर्तनाबद्दल. दुसरं, पाचही प्रकरणं एकत्र बांधून घेतली, तुझा आलेख मध्ये घालून. ग्रंथपाल म्हणाले, मान्यता नसलेल्या प्रबंधाची नोंद होत नाही. मग प्रत माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवली आहे. तीन मुली रोज मधल्या सुट्टीत येऊन वाचतात. एकीनं काल विचारलं, तिच्या गावच्या बर्फाच्या कारखान्याचं यात का नाही? मी म्हटलं, तू घाल.

यातलं काहीही तुझ्यापर्यंत पोचत नाही, हे मला कळतं.

पण तू जे केलंस ते मला सोसवत नाही. पेल्यावरून भांडलीस, रेणूवरून भांडलीस, तीन आठवडे पाठ फिरवून बसलीस, आणि या एका गोष्टीवरून, जिथे मी खरोखर तुझा घात केला, तिथे न भांडता, न विचारता, मला सोडून दिलंस. एकटीनं ठरवलंस. माझ्या तोंडावर मला शिव्या घातल्या असत्यास तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि मग त्या हॉलमध्ये उभी राहू शकले असते. तुला दम नव्हता हे खरं. मी तो माझ्याजवळचा दिला असता गं. तू एक शब्द काढायला हवा होतास, बाकीचं भांडण मी तुझ्या वतीनं माझ्याशी केलं असतं.

लोक म्हणतात, तुझ्या आत्म्याला शांती मिळो. तू आत्मा मानत नव्हतीस आणि शांती तुला कधी आवडली नाही. मला तुझी माफी नको आहे, सुजाता. मी ती मागितलीच नव्हती.